मुलीचं कॅरेक्टर हवं तर आधी 8,000 कॉइन्स का?

आईचा_टॅबलेट

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. रोज संध्याकाळी तिला अर्धा तास टॅबलेट मिळतो. गेला महिनाभर ती एकच गेम खेळतेय, सतत पळत राहायचा. मागे कोणीतरी लागलेलं असतं, आपण उड्या मारायच्या, वाकायचं, वळणावर वळायचं आणि वाटेतले कॉइन्स गोळा करायचे. गेमचं नाव देत नाही, कारण ही गोष्ट त्या एकट्या गेमची नाही.

चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की ही कॉइन्स खर्चच करत नाहीये. मॅग्नेट घेत नाही, ढाल घेत नाही, पडली तर तिथूनच पुढे खेळण्यासाठीही कॉइन्स देत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर रोजचा आकडा लिहून ठेवलेला. 640. 1,410. 2,055. गेम सुरू केला की मिळतो तो एक मुलगा. मुलगीही आहे, पण तिच्यावर कुलूप आणि खाली आकडा, 8,000.

अकराव्या दिवशी कुलूप उघडलं. ती ओरडतच माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी बघायला बसलो. एकदा पळाली, दुसऱ्यांदा पळाली आणि म्हणाली, "आई, ही त्याच्यासारखीच पळते गं. फक्त कपडे वेगळे आहेत." मग जरा वेळाने, "मग ही पहिल्यापासून का नव्हती?"

मी म्हटलं, "गेममध्ये असंच असतं."

तेव्हापासून माझंच उत्तर मला टोचतंय. लहानपणी मलाही हेच सांगितलं गेलं होतं. भाऊ आणि मी स्ट्रीट फायटर टू खेळायचो. आठ फायटर, त्यात बाई एकच, चुन-ली. त्या पहिल्या आवृत्तीत दोघांना एकच फायटर घेता यायचा नाही. त्यामुळे भावाने चुन-लीवर आधी बोट ठेवलं की माझ्यासाठी बाई उरायचीच नाही. त्याच्याकडे मात्र सात पुरुष कायम असायचे. मी रडले की घरातले म्हणायचे, एवढं काय, दुसरा घे. तो गेम 1991 चा. इतक्या वर्षांनी माझ्या मुलीला पळायला मिळतो तो मुलगाच.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे अजूनही असं का आहे, ते गेमच्या आतलं काही माहीत असलेल्या कोणीतरी सांगावं. आणि पहिल्या स्क्रीनपासून मुलगी असलेले, फार वाचावं न लागणारे गेम सुचवावेत.

---

शेवटचा_चेकपॉइंट

ताई, मला कारण साधं वाटतं. लोक जे निवडतात ते कंपन्या देतात. मास इफेक्टमध्ये कमांडर शेपर्ड पुरुष घ्यायचा की स्त्री, हे खेळणाऱ्यावर सोडलेलं आहे. संवाद तेच, गोष्ट तीच. तो गेम बनवणाऱ्या बायोवेअरने 2011 मध्ये सांगितलं होतं की स्त्री शेपर्ड घेणारे 18 टक्के आहेत. 2021 ला तिन्ही भाग एकत्र पुन्हा आले तेव्हा ते 32 टक्के झाले. म्हणजे तेव्हाही तीनातले दोन पुरुषच घेत होते.

दुसरं म्हणजे, मी पुरुष आहे आणि टूम रेडर कितीतरी वेळा खेळलोय. त्यातली नायिका लारा म्हणून खेळताना मला कधी काही अडलं नाही. मग मुलीला मुलगा म्हणून खेळताना का अडावं? वाद घालायला विचारत नाहीये. मला खरंच समजून घ्यायचंय.

---

आईचा_टॅबलेट

अडलं नाहीच. ती अकरा दिवस मुलगा होऊनच पळाली, आनंदाने पळाली. मला त्या अकरा दिवसांचं काही वाटत नाही. तिने वहीत आकडे लिहिले, त्याचं वाटतं. तुम्ही लारा झालात ते एक दार आवडलं म्हणून. बाकीची दारं तुमच्यासाठी उघडीच होती, कॉइन्स मोजावे लागले नाहीत.

---

जुनी_काडतुसं

मी गेमची काडतुसं, म्हणजे कार्ट्रिज, फुंकून लावायच्या काळापासून खेळतेय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी त्या 18 टक्क्यांबद्दल. मास इफेक्टच्या खोक्यावर कोण होता? पुरुष शेपर्ड. जाहिरातीत तोच, पोस्टरवर तोच. त्याचा चेहरा एका खऱ्या मॉडेलवरून घडवलेला. जेनिफर हेल यांनी स्त्री शेपर्डला दिलेला आवाज आजही लोक आठवतात, पण तिला ट्रेलरमध्ये यायला आणि ठरलेला अधिकृत चेहरा मिळायला तिसऱ्या भागाची वाट बघावी लागली. दोन भाग दुकानात जाऊन आल्यावर. एकाला समोर मांडायचं, दुसरीला मेन्यूच्या आत ठेवायचं आणि मग लोकांनी समोरचाच उचलला असं म्हणायचं, हे मला पटत नाही. मला तर त्या 18 टक्क्यांचंच कौतुक वाटतं, ते मेन्यूत शिरून तिला शोधत होते.

आता माझं. 1986 चा मेट्रॉइड मी बऱ्याच नंतर खेळले. सगळा गेम चिलखतात. आपण जे पात्र खेळवतो त्या सॅमसला इंग्रजी मॅन्युअलमध्ये पुरुष म्हणूनच लिहिलेलं. गेम ठरावीक वेळेच्या आत संपवला तर शेवटी हेल्मेट उतरतं आणि कळतं की आतापर्यंत आपण बाई होतो. मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मी उठून उभी राहिले. इतके तास ज्या हातांनी दारं फोडली ते हात एका बाईचे होते! मग कळलं की त्याहून लवकर संपवलं तर चिलखतही उतरतं आणि अजून लवकर संपवलं तर अंगावर बिकिनी उरते. बक्षीस म्हणून. तो आनंद आणि तो अपमान एकाच स्क्रीनवर होता आणि मी अजूनही त्या गेमबद्दल एका वाक्यात काही सांगू शकत नाही.

लारा मात्र माझी आहे. 1996 च्या पहिल्या टूम रेडरमध्ये कड्याला लटकून वर चढताना चालायचं बटण दाबून ठेवलं तर ती नुसती चढत नाही. हातांवर उभी राहते, पाय सरळ आकाशाकडे, आणि मग हळूच खाली उतरते. गेममध्ये त्याचा उपयोग शून्य. लांडगा मागे लागलेला असताना तर करूच नये. मी प्रत्येक कड्यावर करायचे. लोकांनी लाराच्या शरीराबद्दल फार लिहिलं, जाहिरातींनी तर त्याचाच बाजार मांडला, त्यावर माझाही राग आहे. पण कंट्रोलर हातात असताना ते शरीर मला काय होतं? अंदाज चुकू न देणारं, अंतर मोजून उडी मारणारं. एक पाऊल मागे, धाव, उडी, पकड. ते मी पंधराव्या वर्षी शिकले आणि मला माझ्या स्वतःच्या शरीराबद्दल काहीतरी कळलं.

त्याच वर्षीचा रेसिडेंट ईव्हिल घ्या. ख्रिस हा पुरुष किंवा जिल ही बाई, कोणीही घ्या. जिलकडे सामान ठेवायला आठ जागा, ख्रिसकडे सहा. कुलूप उघडायचं हत्यार तिच्याकडे. ख्रिस मार जास्त सोसतो. म्हणजे कोण घेतलं यावर गेम ज्या वाड्यात घडतो तो वाडाच बदलतो. दोघं पहिल्या स्क्रीनवर शेजारीशेजारी उभे. तीस वर्षं होत आली या गोष्टीला, त्यामुळे "आता आता कुठे सुरुवात होतेय" असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

आणि मारिओच्या गेम्समधली राजकन्या पीच. 1988 मध्ये अमेरिकेत आलेल्या सुपर मारिओ ब्रदर्स टू मध्ये ती चौघांपैकी एक होती आणि हवेत तरंगायची. दरी ओलांडायची असेल तर तिच्यासारखं कोणी नाही. पण तिचं नाव खोक्यावर यायला 2005 चा सुपर प्रिन्सेस पीच उजाडावा लागला आणि तिथे तिला शक्ती दिल्या त्या भावनांच्या. रडली की अश्रूंनी झाडं वाढतात, चिडली की आग. तरंगणाऱ्या पीचने माझ्यावर जितका विश्वास टाकला होता, तितका त्या गेमने टाकला नाही.

---

सांगाडा_आणि_सांधे

मी गेम्ससाठी अॅनिमेशन करते. रिगिंगही करते, म्हणजे कॅरेक्टरच्या आतला हाडांचा सांगाडा बसवते. ज्या स्टुडिओत शिकले त्याचं नाव घेणार नाही.

ताई, तुमच्या मुलीने जे पाहिलं ते अगदी बरोबर आहे. ती मुलगी त्या मुलासारखीच पळते, कारण आत तोच सांगाडा आहे. त्यावर वेगळं कातडं चढवलंय. मेहनत लागते ती सांगाड्याला आणि हालचालींना. ती एकदा झाली की दुसरं शरीर चढवणं हे त्यामानाने छोटं काम. तेव्हा ते कुलूप खर्च वसूल करायला नाही. कॉइन्स गोळा करायला लावण्यासाठी काहीतरी हवंसं वाटणारं दाराआड ठेवायचं असतं आणि कोणीतरी ठरवलं की ते म्हणजे मुलगी.

2014 मध्ये यावर उघड भांडण झालं होतं. असॅसिन्स क्रीड युनिटीत चार जण एकत्र खेळू शकत होते आणि चौघंही पुरुष. तो बनवणाऱ्या युबिसॉफ्टकडून सांगितलं गेलं की स्त्री घातली तर अॅनिमेशन, आवाज, कपडे सगळं दुप्पट होईल. हजारो अॅनिमेशन नव्याने करावी लागतील असंही बोललं गेलं. त्यावर जोनाथन कूपर या अॅनिमेटरने, ज्याने याच मालिकेच्या तिसऱ्या भागाचं अॅनिमेशन सांभाळलं होतं, लिहिलं की माझ्या अंदाजाने हे एक-दोन दिवसांचं काम आहे. याच मालिकेतल्या 2012 च्या लिबरेशनची नायिका अॅवलिन तिसऱ्या भागाचा नायक कॉनरच्याच बऱ्याचशा हालचाली वापरते, असंही त्याने दाखवून दिलं. आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी जणींनी तो दिवस लक्षात ठेवलाय, कारण पहिल्यांदाच आतला माणूस नाव घालून बोलला होता.

पण मला इथे प्रामाणिक राहायचंय. एक-दोन दिवस हे तेव्हाच, जेव्हा बाई पहिल्यापासून आराखड्यात असते. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये ती आठ महिन्यांनी आली. तोवर सगळं जग एका उंच पुरुषाच्या मापाने बांधून झालं होतं. कड्याची उंची त्याच्या हाताला, दाराची मूठ त्याच्या कोपराला, शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर त्याच्या मांडीला. बंदूक त्याच्या खांद्यावर टेकलेली. कटसीनमध्ये, म्हणजे गेममधल्या नुसत्या बघायच्या दृश्यात, समोरचं माणूस बोलताना जिथे बघतं ती जागा म्हणजे त्याचे डोळे. आमची नायिका त्याच्याहून बुटकी, तर सगळे तिच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत बोलायचे. एकेक दृश्य हाताने दुरुस्त केलं, रात्री जागून. मग मीटिंगमध्ये आकडा पुढे आला, बाईचं कॅरेक्टर किती महाग पडतं बघा. मी तेव्हा नवीन होते. गप्प बसले. आज बसले नसते. ती महाग पडली कारण तिला शेवटी बोलावलं.

आणि आणखी एक, जे बाहेरून दिसत नाही. हालचाल टिपायला स्टंट करणारी एक बाई आली होती. मोशन कॅप्चरचा सूट घालून हातात जड नकली बंदूक घेऊन ती पळाली. पाय जमिनीला घट्ट, खांदे पुढे, कंबर स्थिर. वजन घेऊन पळणारं कोणतंही माणूस असंच पळतं. फाइल वर गेली आणि निरोप आला, बायकी वाटत नाही, कमरेला जरा हालचाल द्या. मी दिली. तिच्या खऱ्या धावण्यावर कमरेचे कीफ्रेम्स, म्हणजे हाताने ठरवलेल्या हालचालीच्या जागा, टाकले आणि बंदुकीचं वजन नाहीसं झालं, कारण कंबर हलली की वजन कुठेच टेकत नाही. मार लागल्याचे आवाज रेकॉर्ड करतानाही तेच. नटीने खऱ्या वेदनेने आवाज काढला तर सांगितलं गेलं, जरा गोड करा. तिने हेडफोन काढून विचारलं, "हिचा हात मोडलाय ना?" आणि परत पहिल्यासारखाच आवाज काढला. तोच गेममध्ये गेला. त्या दिवशी मी तिच्याकडून शिकले.

जिथे नीट करायचं ठरवतात तिथे होतं. 2015 ला फुटबॉलच्या फिफा 16 गेममध्ये पहिल्यांदा महिलांचे 12 राष्ट्रीय संघ आले, तेव्हा अमेरिकेच्या खेळाडूंना सूट घालून मैदानातल्या हालचाली टिपल्या होत्या. माइनक्राफ्टमध्ये 2014 ला आधीपासूनच्या स्टीव्ह या पुरुषाच्या जोडीला अॅलेक्स आली, तिच्या दंडाची रुंदी चारऐवजी तीन पिक्सेल. एका पिक्सेलचा बदल! मी अजूनही नवीन शिकणाऱ्यांना ते उदाहरण देते.

---

शेवटचा_चेकपॉइंट

खोक्यावर कोण होतं हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, हे कबूल. विक्रीचा मुद्दा मात्र मी पूर्ण सोडत नाही. कंपनी पैसे घालते तेव्हा घाबरते. रिमेंबर मी या गेमला नायिका आहे म्हणून प्रकाशकांनी नकार दिल्याचं त्याच्या निर्मात्यांनीच 2013 मध्ये सांगितलं होतं. भीती खरी असते. ती बरोबर होती का हा वेगळा प्रश्न. अॅलॉय नायिका असलेला होरायझन झीरो डॉन 2 कोटींहून जास्त विकला गेला आणि टूम रेडर मालिका 10 कोटींच्या पुढे गेली. त्यामुळे आज ती भीती कोणी बोलून दाखवली तर मी गप्प राहणार नाही.

ताईंच्या प्रश्नाशी थेट जुळणारं एक सापडलं. 2015 मध्ये 12 वर्षांच्या एका मुलीने वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला होता. तिने पळायचे 50 लोकप्रिय गेम्स स्वतः उतरवून घेतले आणि मोजले. ज्यांत कॅरेक्टर मुलगा की मुलगी हे कळतं, त्यांतल्या 98 टक्क्यांत मुलगा होता, मुलगी 46 टक्क्यांत. मुलगा फुकट देणारे 90 टक्के, मुलगी फुकट देणारे 15. टेम्पल रन ओझमध्ये तर मुलगी होण्यासाठी 29.99 डॉलर मागितले जात होते. लेख आल्यावर डिस्नेने ते बदललं. वहीत आकडे लिहिणारी तुमची मुलगी एकटी नाही.

---

उजवा_ट्रिगर

गेम्सची नावं कोणी देईना म्हणून मी देतो. माझ्या भाचीबरोबर खेळलेलेच सांगतोय.

सगळ्यात आधी अल्बा. एक लहान मुलगी सुट्टीत आजी-आजोबांकडे बेटावर येते, फोनने पक्ष्यांचे फोटो काढते, कचरा उचलते, मोडलेले पूल दुरुस्त करते. कोणी मरत नाही, वेळेची घाई नाही. थोडं वाचावं लागतं, पहिले काही दिवस शेजारी बसा. ग्रिसमध्ये शब्दच नाहीत. रंग हरवलेल्या जगात एक मुलगी चालते, मरण नाही, मात्र गेम उदास आहे. माझी भाची मध्येच माझ्या कुशीत येऊन बसली होती. सेलेस्ट खूप अवघड आहे, पण त्यात असिस्ट मोड आहे, वेग कमी करता येतो, नायिका मॅडलिनला न मरणारीही करता येतं. मोठी झाल्यावर तो बंद करून खेळेल.

दोघींनी मिळून खेळायचं असेल तर सुपर मारिओ ब्रदर्स वंडर. पीच आणि दुसरी राजकन्या डेझी पहिल्यापासून, मारिओइतक्याच ताकदीच्या, आणि कोणावरही कुलूप नाही. झेल्डा मालिकेतली राजकन्या झेल्डा 2024 च्या एकोज ऑफ विस्डममध्ये स्वतः नायिका झाली, तो मात्र दोनेक वर्षांनी द्या, कोडी जड आहेत.

आणि तुमच्या मुलीला एक गोष्ट सांगा. 2013 मध्ये एका गेम डेव्हलपरची तीन वर्षांची मुलगी डाँकी काँग खेळत होती. त्यात मारिओ पॉलीन नावाच्या बाईला सोडवतो. ती म्हणाली, मला पॉलीन व्हायचंय, मारिओला मी सोडवणार. तिने आधी पीच म्हणून खेळलेलं होतं, त्यामुळे तिला यात अवघड काय ते कळेना. बापाने रात्रभर बसून गेमच उघडला, पॉलीनची चित्रं पिक्सेल पिक्सेल करून काढली, वरच्या कोपऱ्यातला मारिओचा एम काढून तिथे पॉलीनचा पी घातला. सकाळी मुलीने मारिओला सोडवलं.

---

आईचा_टॅबलेट

सगळ्यांचं वाचलं. काही तर दोनदा.

काल मुलीला पॉलीनची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "त्या बाबांनी कॉइन्स घेतले का?" नाही म्हटल्यावर वही घेऊन आली आणि शेवटचं पान फाडायला लागली. मी थांबवलं. ते पान मला ठेवायचंय.

मग मी माझं आधीचं उत्तर मागे घेतलं. तिला सांगितलं की गेममध्ये असंच नसतं, तसं कोणीतरी ठरवलेलं असतं आणि ते मला चुकीचं वाटतं. सांगाडा म्हणजे काय तेही तुमच्या पोस्टवरून समजावलं. आता ती प्रत्येक गेममध्ये कोण कोणासारखं पळतंय ते बघत बसते. आज म्हणाली, मांजराचं वेगळं आहे, त्याला खरा स्वतःचा सांगाडा दिलाय.

अल्बा उतरवून घेतलाय. पहिल्या संध्याकाळी सात पक्षी झाले. सांगाडा_आणि_सांधे, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. तिला हे काढून बघायचंय, कागदावर पळणारी मुलगी. आठ वर्षांच्या मुलीने सुरुवात कुठून करावी?

---

सांगाडा_आणि_सांधे

चिकट नोट्सची गड्डी घ्या आणि शेवटच्या पानापासून मागे मागे काढत या. आधी पळणं नको, उडी मारणारा चेंडू. तो पडला की चपटा होतो, वर जाताना लांबट होतो, एवढं जमलं की चेंडूला पाय काढायचे. आणि काढण्याआधी तिला स्वतःला दारापर्यंत दहा वेळा पळायला सांगा, तुम्ही फोनवर व्हिडिओ काढा आणि तो थांबवत थांबवत दोघी बघा. कोणता पाय कधी जमिनीला लागतो तेवढंच टिपायचं. ती पळते तसंच तिने काढावं.